जुनी चिठ्ठी काढू नये

आमच्या हर्बेरियमचा एक नियम आहे:
वाळलेल्या झाडाखाली कुणी आधी लावलेली नावाची चिठ्ठी
काढायची नाही, खोडायची नाही,
झाकायची तर नाहीच.
नाव पटत नसेल तर शेजारी आपली चिठ्ठी लावा,
सही करा, तारीख घाला, गप्प बसा.
दर वर्षी नव्या मुलांना मी हे सांगतो,
आधी गुजरातीत, मग माझ्या इंग्रजीत.

डॉ. मोहितेबाईंनी माझ्या चिठ्ठीवर चिठ्ठी लावली.
डिंकाने. चारी कोपरे नीट दाबून.
पावागढच्या पायथ्याचं झुडूप ते,
एकोणनव्वद साली अंगात ताप असताना आणलेलं.

बाईंची खोली माझ्या खोलीला लागून.
मध्ये प्लायवूड.
त्यांच्या पंख्याची करकर मला ऐकू येते,
माझं नाक शिंकरणं त्यांना.
तरी आम्ही पत्रं लिहिली.
माझं पत्र जिना उतरायचं,
आवार ओलांडून मुख्य कचेरीत जायचं,
जावक क्रमांक घेऊन, शिक्का खाऊन
तिसऱ्या दिवशी प्लायवूडच्या पलीकडे पोचायचं.
प्रत डीनसाहेबांना. प्रत रजिस्ट्रारना.
दांडिया बाजारात दोन गल्ल्यांच्या अंतरावर वाढलेली,
एकाच मंडळाच्या गणपतीपुढे बेसूर आरती म्हटलेली
आम्ही दोन माणसं
एकमेकांना ‘काइंडली’ लिहू लागलो.
मराठीत भांडलो असतो तर
‘अहो’ म्हणावं लागलं असतं,
आणि ‘अहो’ म्हटल्यावर
पुढचं वाक्य थोडं तरी वाकतं.

गुरुवारी कमिटी बसणार होती.
सोमवारी मी शेवटचं पत्र रायसिंगला दिलं.
रायसिंग राठवा, छोटाउदेपूरकडचा,
एकवीस वर्षं आमच्याकडे शिपाई.
त्याने पाकीट हातात तोललं,
स्टुलावर बसला, गुडघा चोळला
आणि ते पत्र, माझ्यादेखत,
टीपकागदांच्या मध्ये ठेवून
प्रेसचे पट्टे आवळले.
म्हणाला, “भीनुं छे, फणसेभाई.
ओलं चिकटवलं की बुरशी येते,
तुम्हीच शिकवलंय.”

मी ओरडलो असणार.
पलीकडचा पंखा बंद झाला.

तीन दिवस टीपकागद बदलत राहिला तो,
इमानदारीने, सकाळ-संध्याकाळ.
गुरुवारी सकाळी पत्र काढलं.
कागद सपाट झाला होता.
‘इंटेन्शनली’ हा शब्द मात्र तसाच उभा,
दोनदा अधोरेखित.
माझं अक्षर एवढं वाईट कधी झालं?

बाईंच्या दारात गेलो.
त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
“वर लावली, कारण बाजूला जागाच नव्हती.
बाजूला तुमचा शेरा होता.
पाऊस कसा होता, बस कुठे बंद पडली,
कुठल्या म्हातारीने चहा दिला आणि पैसे घेतले नाहीत.
नाव झाकलं. म्हातारीला झाकायला
जीव धजला नाही, अहो.”

रायसिंगने किटली आणली, चहासाठी.
आम्ही वाफेवर कागद धरला.
त्यांनी चिमटा, मी श्वास.
चिठ्ठी सुटली, पण सरळ नाही:
माझ्या ‘फणसे’तला ‘फ’ सोबत घेऊन गेली.
आता शीटवर एक कुणीतरी ‘णसे’ आहे
आणि त्याच्या खाली, आडव्या कोपऱ्यात,
अंग चोरून, बाईंची चिठ्ठी.

कमिटीने चहा-बिस्किटं घेतली.
आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर
एकमेकांची चूक अजूनही दाखवत होतो,
पानाच्या देठावरची लव आहे की नाही यावरून,
इतक्या मोठ्याने की आतून कुणीतरी दार लोटलं.

झाडाचं नाव ठरलेलं नाही.
बाई चुकतायत असं मला वाटतं.
प्लायवूडवर दोन टिचक्या वाजल्या
की भिंग घेऊन मी उठतो.